पोरीचा सत्कार पुरे, आता आपापला डबा उघडा

२६ जानेवारीला आमच्या कॉलनीत झेंडावंदन झालं आणि लगेच एका पोरीचा सत्कार झाला. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गेले आठ महिने दर रविवारी सकाळी सातला ती घरोघरी फिरते आणि ओला कचरा वेगळा ठेवा, सुका वेगळा ठेवा म्हणून सांगते. तिचं नाव इथं लिहीत नाही, कारण तिनंच सांगितलं, "काका, नाव नका टाकू." गावाचंही नाव घेत नाही. वर्धा जिल्ह्यातलं आहे, एवढं पुरे. नाव घेतलं की तुम्ही म्हणाल, हो, त्या गावात असंच चालते, आणि स्वतःचा डबा आहे तसाच ठेवाल.

तर सत्कार. शाल, श्रीफळ आणि चकचकीत पन्नीत गुंडाळलेला पुष्पगुच्छ. भाषणं चार. चारही पुरुषांची, आणि त्यातल्या एकानंही घरचा कचऱ्याचा डबा कधी गाडीपर्यंत नेलेला नाही. (एक भाषण माझं होतं. ते पुढे सांगतो.) आजची युवा पिढी, स्वच्छतादूत, गांधी-विनोबांच्या जिल्ह्याची लेक, सगळं बोलून झालं. मग तर्री-पोहे. प्लास्टिकचं अस्तर असलेल्या प्लेटा, चहाचे कप, आणि १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी असलेले प्लास्टिकचे चमचे. खाऊन झाल्यावर तर्री, लिंबाची सालं, चमचे, कप, हाराची फुलं, पुष्पगुच्छाची पन्नी, सगळं एकाच काळ्या पिशवीत कोंबलं गेलं. सत्कारमूर्तीनं शाल खुर्चीवर ठेवली, ओढणी कमरेला खोचली आणि पिशवी उलटी करून वेगळं करायला बसली. आम्ही काय केलं? फोटो काढला. कॉलनीच्या ग्रुपवर टाकला. हात जोडलेले आणि टाळ्यांचे इमोजी दुपारपर्यंत पडत होते.

तो फोटो मी दहादा पाहिला असेल. ती खाली बसलेली आहे आणि मागे आमच्या सगळ्यांचे पाय दिसून राहिले. नुसते पाय. त्या फोटोवरून ही पोस्ट लिहायला बसलो.

पोरीजवळ एक वही आहे. शंभर पानी, साधी. प्रत्येक घराला एक पान. तारीख, दोन डबे आहेत का, ओल्यात काय सापडलं, सुक्यात काय सापडलं. मला वाटलं होतं ती फक्त उपदेश करत फिरते. नाही. ती डबा उघडून बघते आणि लिहून ठेवते. आठ महिन्यांनंतर आमच्या गल्लीतल्या त्रेचाळीस घरांपैकी नेमानं वेगळा कचरा ठेवणारी घरं किती? अकरा. टाळ्या वाजवणारे किती होते ते मोजलं नाही, पण खुर्च्या कमी पडल्या होत्या.

वही वाचण्यासारखी आहे. कोणाकडे संत्र्याची सालं पन्नीत गाठ मारून ओल्या कचऱ्यात जातात. सालं कुजतील पण पन्नी कशी कुजणार, हा प्रश्न त्या घराला कधी पडला नाही. कोणाकडे दुधाची पिशवी न धुता सुक्यात. दुसऱ्या दिवशी सगळ्या सुक्याला वास, आणि मग सुका कचरा घेणारा तो ढीग नाकारतो. खर्र्याच्या पन्न्या तर प्रत्येक पानावर. आपल्याकडे माणूस सुपारी-तंबाखू पन्नीत घोटून घेतो, खातो आणि पन्नी जिथं उभा असेल तिथं सोडतो. नालीत बघा, शाळेच्या कंपाउंडला बघा, दवाखान्याच्या पायरीवर बघा. एवढीशी असते म्हणून कोणी तिला कचरा म्हणतच नाही.

आणि बाटल्या. आपल्या जिल्ह्यात पन्नास वर्षांहून जास्त काळ दारूबंदी आहे. सुक्या कचऱ्याचा वेगळा डबा ठेवायला सगळ्यात जास्त विरोध कोणत्या घरांनी केला, हे त्या पोरीला तिसऱ्याच रविवारी कळलं. बिचारीनं वहीत "काच" एवढंच लिहिलंय. माझं तर म्हणणं आहे की कचरा एकत्र ठेवण्याची आपली हौस थोडी याच्यासाठीही आहे. एकत्र कचऱ्यात सगळं झाकून जाते.

आता मुख्य आक्षेप. तो प्रत्येक दारात निघतो, आणि मी पण तो काढलेला आहे. "काहून करून राहिली बाप्पा एवढं? गाडीत तर सगळं एकत्रच जाते!"

हे खोटं नाही. आमच्याकडे येणाऱ्या घंटागाडीला मध्ये पत्रा होता, दोन कप्पे होते. तो पत्रा वाकला, मग निखळला, मग एक दिवस दिसेनासा झाला. ज्यांनी इमानदारीनं दोन डबे भरले त्यांचे दोन्ही डबे एकाच ढिगावर उलटे होताना त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. त्यातले कित्येक दुसऱ्या दिवशीपासून जुन्या मार्गाला लागले. त्यांना दोष देणं सोपं आहे, पण खरा दोष पत्र्याचा आहे, आणि पत्रा कोणी बसवायचा हे कायद्यात लिहिलेलं आहे. ८ एप्रिल २०१६ ला केंद्र सरकारनं घनकचरा व्यवस्थापनाचे नियम काढले. घराघरातून वेगवेगळा कचरा वेगवेगळाच गोळा करायचा, वेगळाच न्यायचा, कचरा वेचणाऱ्यांना या कामात सामावून घ्यायचं, ही जबाबदारी त्यात स्थानिक संस्थेवर टाकली होती. वर्गीकरण आणि वेगळं संकलन सुरू करायला मुदत दोन वर्षं. जुन्या कचरा डेपोंचा निकाल लावायला पाच वर्षं. म्हणजे २०१८ आणि २०२१. आता १ एप्रिल २०२६ पासून नवे नियम लागू होतात, त्यात ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा असे चार प्रकार आहेत. दहा वर्षांत दोन डबे जमले नाहीत, आता चारचा हिशोब.

त्यात एक गोष्ट कोणी उघडपणे बोलत नाही. जिथं कचरा उचलण्याचा ठेका टनावर असतो, तिथं वजन म्हणजे पैसा. ओला कचरा जड असतो. आपल्या शहरांत घरातल्या कचऱ्याचा साधारण निम्मा भाग ओलाच असतो. तो घरीच जिरला, परसात खत झाला, तर गाडी हलकी होते आणि बिलही हलकं होते. म्हणजे ही पोरगी दर रविवारी सातला उठून नकळत कोणाच्या तरी बिलाला हात लावत फिरते. तिला शाल देणं स्वस्त पडते. त्याऐवजी ठेक्याची अट बदला, मिसळलेल्या कचऱ्याला पैसे नाही, वेगळ्या आणलेल्या कचऱ्यालाच पैसे, असं करून पाहा. पत्रा दुसऱ्या दिवशी गाडीत परत येईल. प्रत्येक वेळी ठेक्याची कागदं मागवून बघा, मग तुमच्या गावात काय आहे ते कळेल. माहितीचा अधिकार त्याच्यासाठीच आहे.

पण थांबा. पत्रा नाही म्हणून आपण सुटलो, असं नाही. तिथंच माझी गोष्ट येते.

मला साखरेचा आजार आहे. रोज दोनदा इन्सुलिन. पेनाची सुई वापरून झाली की मी ती स्वयंपाकघरातल्या डब्यात टाकत होतो. उरलेला उपमा, चहाचा चोथा, भाजीची देठं आणि त्यात सुई. इतकी वर्षं. मी निवृत्त शिक्षक आहे, आयुष्यभर पोरांना नागरिकशास्त्र शिकवलं, पण त्या डब्यात पुढे कोणाचा तरी हात जाणार आहे हे कधी मनातच आलं नाही. ऑक्टोबरमधल्या एका रविवारी पोरगी आली. हातात काचेची छोटी बाटली, आत चार सुया. म्हणाली, "काका, गाडीवरच्या मावशींच्या हाताला टोचली. आपल्याच गल्लीतली आहे. मी सगळ्यांना विचारून राहिली." ओरडली नाही, रागावली नाही. नुसती बाटली पुढे धरली.

मी म्हणालो, बघतो.

"बघतो." माझीच होती, मला माहीत होतं, आणि मी तिला "बघतो" म्हणालो. नंतर बायकोनं तिला सांगितलं, मी नाही. मावशींना दवाखान्यात नेलं, रक्त तपासलं, इंजेक्शनं झाली, पुन्हा तपासायला बोलावलं. दोन दिवसांची मजुरी बुडाली, ती त्या पोरीनं आणि तिच्या मैत्रिणींनी भरून दिली. मला कळलं तेव्हा मी पैसे देऊ केले. मावशी म्हणाल्या, "राहू द्या सर, होते असं." होते असं! त्यांच्या लेखी हे रोजचं आहे. आणि याच गोष्टीनंतर तीन महिन्यांनी मी स्टेजवर उभा राहून "स्वच्छतादूत" म्हणत होतो. मावशी त्या दिवशी सत्काराला नव्हत्या. २६ जानेवारीला पण गाडी होती.

२०१६ च्याच नियमांत घरातल्या वापरलेल्या सुया, जुनी औषधं, बल्ब, बॅटऱ्या यांना घरगुती घातक कचरा म्हटलं होतं, आणि दर वीस चौरस किलोमीटरला किमान एक जमा केंद्र असावं असं लिहिलं होतं. मी नंतर चौकशी केली, आमच्याकडे ते कुठं आहे म्हणून. तीन खिडक्यांवर गेलो. एकानं सांगितलं मेडिकलवाल्याला द्या. मेडिकलवाला म्हणाला दवाखान्यात द्या. दवाखान्यातला म्हणाला, आम्ही आमच्याच घेतो, बाहेरच्या नाही. सुया सध्या माझ्या घरी जाड प्लास्टिकच्या बरणीत आहेत, झाकण घट्ट, वर "सुया" लिहिलेलं. बरणी भरत आली.

आता गांधी-विनोबांवर येऊ, कारण भाषणांत चारही जणांनी ती नावं घेतली.

१९३५ मध्ये गांधीजी वर्ध्याच्या मगनवाडीत राहत होते. तेव्हा महादेवभाई देसाई, मीराबेन आणि तिथली इतर मंडळी शेजारच्या सिंदी गावात सकाळी बादल्या घेऊन जात आणि रस्त्याकडेचा मैला उचलत. लोकांनी पाहिलं तर लोक शिकतील, ही आशा. गाव महिनोन् महिने बघत राहिलं आणि रस्त्यावरच बसत राहिलं. बघणारे बघतात, उचलणारे उचलतात. नव्वद वर्षं झाली. आमच्या फोटोतले पाय तेच आहेत.

विनोबा १९४६ ते ४८ च्या दरम्यान पवनारहून सुरगावला रोज चालत जायचे, खांद्यावर फावडं, भंगीकाम करायला. रोज म्हणजे रोज, पावसाळ्यातही. त्या वेळी एवढा मोठा माणूस येतो म्हणून दर्शनाला लोक येत असतील, पण काम होतं ते मैल्याचं. आज पवनारला धाम नदीच्या काठावर आपण पाहुण्यांना घेऊन जातो, आश्रम दाखवतो, खाली पाण्याकडे उतरतो. काठावर काय काय पडलेलं असते ते पुढच्या वेळी पाहुण्यांआधी स्वतः बघा.

आणि तिसरी गोष्ट, जी विद्यार्थ्यांचीच आहे. ऑक्टोबर १९३७ ला वर्ध्यात शिक्षण परिषद भरली, डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि त्यातून नई तालीम उभी राहिली. सेवाग्रामला आशादेवी आणि आर्यनायकम यांनी ती शाळा चालवली. तिथं सफाई हा वर्षातून एकदाचा कार्यक्रम नव्हता, रोजचा अभ्यास होता. मैल्याचं, पाल्याचं खत करायचं, ते शेतात घालायचं, आणि त्याच्यातून विज्ञान आणि गणित शिकायचं. पोरं आणि शिक्षक एकाच खड्ड्यावर. लक्षात घ्या, तिथं पोरांना "दूत" कोणी म्हणत नव्हतं. काम आपलं होतं, मग दूत कोणाचा?

आज विद्यार्थ्याला आपण दूत करतो. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ ची, गांधी जन्मशताब्दी वर्षातली. चांगली योजना आहे. मी स्वतः पोरांना घेऊन सात दिवसांची शिबिरं केली आहेत, शपथेवर सांगतो की गावात पाऊल टाकलं की पहिल्या दिवशी झाडू आणि शेवटच्या दिवशी सांस्कृतिक कार्यक्रम. आठव्या दिवशी गाव जसंच्या तसं. २०१८ मध्ये केंद्रानं स्वच्छ भारत समर इंटर्नशिप काढली, उन्हाळ्यात शंभर तास काम करा, यूजीसीनं दोन क्रेडिट द्यायला मान्यता दिली. पोरांनी फोटो दिले, अहवाल दिले, प्रमाणपत्रं घेतली. त्यांचा दोष नाही, जे मागितलं ते त्यांनी दिलं. मागणाऱ्यानं गाडीतला पत्रा कधी मागितला नाही. सर्वेक्षण आलं की भिंती रंगवायच्या, कचऱ्याच्या दोन बादल्यांची चित्रं काढायची. आमच्या चौकातल्या भिंतीवर निळी आणि हिरवी बादली इतकी सुंदर रंगवली आहे, की लोक तिच्याखालीच कचरा टाकतात.

या पोरीला कोणी क्रेडिट देत नाही, हे तिचं एक बरं आहे. वहीत तिला खोटं लिहायची गरज नाही.

पण तिला काय काय ऐकावं लागलं, हेही लिहिलं पाहिजे. एका घरी काकूंनी चहा दिला, बसवलं, कौतुक केलं, आणि मग विचारलं, "आडनाव काय तुझं?" तिनं सांगितलं. त्यावर काकूंचा पुढचा प्रश्न होता, "मग तुमच्याकडे हे काम आधीपासून आहे का?" पोरीनं चहा संपवला, वहीत डब्याची नोंद केली आणि निघाली. हे तिनं मला सांगितलं नाही, तिच्या आईनं माझ्या बायकोला सांगितलं. आईची चिंता निराळी. पोरगी कचऱ्यात हात घालते असं चार लोकांत झालं तर उद्या स्थळं कशी येतील.

कचऱ्याचा सगळा गुंता या एका प्रश्नात आहे. आडनाव काय. आपण घरात केर काढतो, देव्हारा पुसतो, अंगणात सडा टाकतो, आणि केर उंबरठ्याबाहेर ढकलला की तो आपला राहत नाही. तिथून पुढे तो कोणाच्या तरी जातीचा होतो. वर्गीकरण करा म्हटलं की आपल्याला किळस येते ती वासाची असती, तर आपल्याच ताटातल्या उरलेल्या भाजीची आली नसती. डबा दुसऱ्यांदा उघडायचा, त्यातलं वेगळं करायचं, म्हणजे "त्यांचं" काम करायचं, हे आत कुठंतरी बसलेलं आहे. २०१३ मध्ये हातानं मैला साफ करायला लावण्याविरुद्ध कायदा आला. मैला मिसळलेला कचरा पिशवीत बांधून दिला, वापरलेले डायपर आणि पॅड तसेच उघडे टाकले, आणि कोणीतरी ते हातानं वेगळे करते, याला काय म्हणायचं ते तुम्ही सांगा. पुण्यात कचरावेचक बायकांनी साधी मागणी केली होती की पॅड, डायपर वर्तमानपत्रात गुंडाळा आणि वर लाल ठिपका काढा, म्हणजे आम्हाला उघडून बघावं लागणार नाही. लाल ठिपका. स्केचपेन लागतो. आमच्या गल्लीत स्केचपेन प्रत्येक घरात आहे.

पुण्याचं आणखी एक सांगण्यासारखं आहे. एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागातल्या लोकांनी कचरावेचक बायकांबरोबर काम सुरू केलं आणि १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. संघटना झाली, ओळखपत्रं आली, पुढे त्याच बायकांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था झाली आणि त्या घरोघरून कचरा घेऊ लागल्या. म्हणजे विद्यापीठातली माणसं झाडू घेऊन फोटोत उभी राहिली नाहीत, तर ज्यांचे हात आधीच कचऱ्यात होते त्यांच्याबरोबर बसली. आपल्या जिल्ह्यात महाविद्यालयं काय कमी आहेत? एखाद्या विभागानं एका गावातल्या सफाई कामगारांची मजुरी, हातमोजे, लस, विमा, एवढंच तपासून मांडलं तरी पोरांचा प्रकल्प होईल आणि मावशींचं भलं होईल.

कोणी म्हणेल पुणं मोठं शहर आहे. मग कोकणातलं वेंगुर्ला घ्या, आपल्या आर्वी-पुलगावपेक्षाही लहान. तिथं मुख्याधिकारी रामदास कोकरे असताना कचरा घरातूनच वेगवेगळा घ्यायला सुरुवात झाली, ओल्यापासून बायोगॅस, प्लास्टिकचे तुकडे करून रस्त्याच्या डांबरात, आणि जो कचरा डेपो होता तिथं बाग झाली, लोक बघायला जाऊ लागले. तिथली माणसं काही वेगळ्या मातीची नाहीत. फरक एवढाच की यंत्रणेनं वेगळा मागितला आणि वेगळाच नेला. आपल्याकडे यंत्रणेनं मागण्याचं काम एका एकोणीस वर्षांच्या पोरीवर सोडलंय, आणि नेण्याचं काम कोणाकडेच नाही.

आपल्याकडे चार-चार वर्षं पालिकांवर प्रशासक होते, तोवर विचारायचं कोणाला हा प्रश्न होता. डिसेंबर २०२५ मध्ये निवडणुका झाल्या. आता दारात येऊन हात जोडलेला माणूस आहे, त्याचा नंबर तुमच्या मोबाईलमध्ये आहे. प्रचाराच्या वेळी माझ्याकडे तिघं आले होते, तिघांच्याही पत्रकावर "स्वच्छ सुंदर प्रभाग" होतं. मी कोणालाच विचारलं नाही की गाडीचा पत्रा कधी बसवता. आता विचारणार आहे. लेखी.

ओल्या कचऱ्याचं खत घरी होत नाही, वास येते, अळ्या होतात, हेही खूप ऐकलं. होतात, कारण आपण नुसतं ओलंच टाकतो. जेवढं ओलं तेवढाच वाळलेला पाला टाका. पाला आपण काय करतो? फेब्रुवारी-मार्चला कडुनिंबाची पानं झडतात आणि सकाळी सकाळी गल्लीत ढीग करून पेटवतो. राष्ट्रीय हरित लवादानं २०१६ च्या डिसेंबरमध्ये उघड्यावर कचरा जाळण्याला पाच हजार आणि मोठ्या प्रमाणात जाळला तर पंचवीस हजार दंड सांगितला होता, पण ते बाजूला ठेवू. तो पाला पोत्यात भरून ठेवा, वर्षभर पुरतो. छिद्रं पाडलेला जुना डबा, खाली पाला, वर भाजीची देठं, पुन्हा पाला, कधीमधी आंबट ताक शिंपडायचं, आठवड्यातून हलवायचं. दोनेक महिन्यांत काळं, भुसभुशीत खत होते, मातीचा वास येते. माझ्या बायकोनं नोव्हेंबरमध्ये सुरू केलं. पहिल्या डब्यात खरंच अळ्या झाल्या, मी फेकून देणार होतो. तिनं दोन पसे पाला टाकला आणि मला स्वयंपाकघरातून बाहेर काढलं. आता कुंडीतल्या कढीपत्त्याला घालते.

जे उरते, ते गावाबाहेर जाते. कचरा डेपो बाहेरच असतो, कोणत्या तरी खेड्याच्या शिवारात. उन्हाळ्यात तिथं ढीग पेटतो, धूर त्या खेड्यात. तिथं गाई पन्न्या चघळत उभ्या असतात. पोळ्याला आपण बैलाच्या खांदाला तूप-हळद लावतो, दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्याला लेकरं लाकडी नंदी सजवून मिरवतात, आणि जित्या गाईच्या पोटात काय गेलं ते गुरांच्या डॉक्टरला विचारा.

फेब्रुवारी लागला. पोरीची परीक्षा आहे, एप्रिलपर्यंत रविवारी येणार नाही असं तिनं ग्रुपवर कळवलं. त्याखाली पहिलं उत्तर काय होतं? "बेटा, मग तोपर्यंत कचऱ्याचं कोण बघणार?" ज्यानं लिहिलं त्याच्या घरी चार धडधाकट माणसं आहेत. दुसऱ्यानं लिहिलं, तुझ्या मैत्रिणींना पाठव. मी हे वाचलं आणि तिच्या घरी गेलो. वही मागितली. ती द्यायला कांकू करत होती. म्हणाली, "काका, तुम्ही लोकांचे डबे उघडाल?" खरं सांगतो, मला घाम फुटला.

पहिले दोन रविवार झाले. एका घरी दार उघडलं नाही. एका घरी म्हणाले, "सर, तुम्ही? तुम्ही कशाला?" एकानं डबा दाखवला, तोंड वाकडं करून. माझ्याबरोबर कॉलनीतले आणखी दोघं आले, एक बँकेतले, एक एसटीतून निवृत्त झालेले. सुया, बल्ब, बॅटऱ्या जमा करायला पालिकेनं जागा द्यावी, गाडीला पत्रा बसवावा, आणि गाडीवरच्या माणसांना हातमोजे आणि लस द्यावी, असा अर्ज तयार आहे. सोमवारी देणार, पोच घेणार. सही करायला तेहतीस जण तयार झाले. डबा दाखवायला तयार झालेले चौदा.

वहीत पहिलं पान माझ्याच घराचं आहे. ऑक्टोबरच्या नोंदीसमोर तिच्या अक्षरात लिहिलंय, "सुया. बरणीत ठेवतो म्हणाले. पुन्हा बघणे."